पाचवीचा अपूर्णांक आणि टाचणातला रिकामा रकाना

पाचवीच्या बाई | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी. पहिली ते तिसरी सरांकडे, चौथी-पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. चौथीत ११, पाचवीत १४ मुलं.

गेल्या शुक्रवारी माझा एक तास फार रंगला आणि तरी पुरता फसला. तेच सांगायला लिहितेय, कारण तेव्हापासून मनातून जात नाहीये.

घटक होता भिन्नच्छेद अपूर्णांकांची, म्हणजे छेद (खालचा आकडा) वेगवेगळा असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. गुरुवारी रात्री अकरापर्यंत बसून घोटीव कागदाच्या 'भाकऱ्या' कापल्या. अर्ध्या तांबड्या, तिसरा हिस्सा हिरवा, पाव पिवळा. सुरुवातीला गाणं, मग गट, मग प्रत्येक गटाला तुकड्यांचं पाकीट. मुलं रमली. एरवी खिडकीबाहेर शेळ्या मोजणारा मुलगासुद्धा हिरव्या तुकड्यासाठी भांडत होता. योगायोगाने त्याच दिवशी केंद्रप्रमुख साहेब आले होते, त्यांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला.

शेवटच्या पाच मिनिटांत मी फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३. पाटीवर सोडवा म्हटलं.

१४ पैकी ९ जणांनी लिहिलं २/५. दोघांनी २/६. एकाची पाटी कोरी. दोघांचं उत्तर ५/६ आलं, पण त्या दोघांना घरी थोरल्या भावंडांनी रीत शिकवली होती. माझ्या तासाचं त्यात काही नव्हतं.

पस्तीस मिनिटं कागद हातात होते, आणि शेवटी वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले.

घरी येऊन टाचणवही उघडली, म्हणजे तासाचं नियोजन लिहायची वही. त्यात उद्दिष्ट होतं, साधनं होती, 'गीत, गटकार्य, सादरीकरण' होतं. मुलांच्या हातात तुकडे असताना मी त्यांना नेमकं काय विचारणार, हे एका ओळीतही नव्हतं. आणि खरंच, मी काय विचारलं होतं? "तुकडे जोडून पूर्ण भाकरी करा." अर्धा आणि तिसरा हिस्सा मिळून किती होतो, हा विचार करायची वेळच कुणावर आली नाही. फट राहिली तर तिच्यात बसेल तो तुकडा शोधायचा. मुलं तुकडे जुळवायचं कोडं सोडवत होती. अपूर्णांक तिथे फक्त रंगापुरता होता.

तुम्ही तास आखायला बसता तेव्हा सगळ्यात आधी काय लिहिता? साधन? उद्दिष्ट? की आणखी काही? मनापासून विचारतेय. हा घटक मला पुन्हा घ्यायचाय.


खडूची धूळ | मंगळवार, रात्री १०:५५

बाई, नऊ पाट्या मोजून इथे लिहिल्यात, अर्धं काम तिथेच झालं. बहुतेक वेळा आपण "समजलं का?" विचारतो, वर्ग "हो" म्हणतो आणि पुढचं पान उलटतं.

मी २६ वर्षं अध्यापक विद्यालयात, म्हणजे होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवायला होतो. हजारो सराव पाठ तपासले असतील. पाठाचा जो साचा आपल्याकडे घटवला जातो, प्रस्तावना, हेतुकथन, विषय-विवेचन, संकलन, उपयोजन, त्याचं मूळ हर्बार्ट या जर्मन विचारवंताकडे जातं (१७७६ ते १८४१). त्याच्या मागून झिलर आणि राइन यांनी त्या विचारांच्या पाच पायऱ्या केल्या आणि जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात त्या रूढ झाल्या. साचा वाईट नाही. नव्या माणसाला हाताशी काहीतरी लागतं.

पण पाठाच्या तक्त्यात एक रकाना असायचा, आठवतो का? 'अध्यापक कृती'च्या शेजारी 'विद्यार्थी कृती'. त्यात छात्राध्यापक काय लिहायचे? "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात." "विद्यार्थी उत्तर देतात." "विद्यार्थी निरीक्षण करतात." वरपासून खालपर्यंत हेच. आणि मी त्यावर सही करत होतो. आज त्याचं वाईट वाटतं. अख्ख्या टाचणातला सगळ्यात मोलाचा रकाना आम्ही रिकामा ठेवायला शिकवला.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी तो रकाना भरा. एक प्रश्न ठरवा आणि त्यावर तुमच्या वर्गातली मुलं कोणती तीन-चार उत्तरं देतील ते लिहा. चुकीची आधी. प्रत्येक उत्तरापुढे तुमचा पुढचा प्रश्न. साधन त्यानंतर. हे सगळं लिहून झाल्यावर कित्येकदा लक्षात येतं की पाकीटभर तुकडे लागतच नाहीत, कागदाची एक पट्टी पुरते.


साठ बाकं | बुधवार, सकाळी ६:५०

विषय जिव्हाळ्याचा आहे, पण थोडं वेगळं बोलतो, रागावू नका.

मी शहरातल्या अनुदानित शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवतो. वर्गात ५८ मुलं. दिवसाला सहा तासिका, वर शाळाबाह्य कामं आहेतच. मी रकाना कधी भरू? आणि ५८ पाट्या कधी बघू? १४ मुलांच्या वर्गातलं नियोजन माझ्या वर्गात चालत नाही.

मी सरळ रीत देतो. छेद वेगळे दिसले की तिरकस गुणाकार, खाली छेदांचा गुणाकार. दोन दिवस सराव. मुलांना बेरीज येते, स्कॉलरशिपला गुणही मिळतात. अर्थ सातवी-आठवीत आपोआप कळतो, निदान मला तरी तसाच कळला.


पाचवीच्या बाई | बुधवार, संध्याकाळी ५:३०

सर, रागावण्यासारखं काहीच नाही. ५८ मुलांचा वर्ग मी कधी घेतलेला नाही, त्यामुळे तुमच्या अडचणीवर माझ्याकडे उत्तर आहे असं म्हणणार नाही.

फक्त एक विनंती. काल धूळसरांचं वाचून रात्री रकाना भरायला बसले. २/५ लिहिणाऱ्या मुलाला पुढे काय विचारायचं, याचा विचार करत असताना एक साधी गोष्ट दिसली. अर्ध्या भाकरीत आणखी काहीतरी घातलं, तर उत्तर अर्ध्याहून मोठं यायला हवं. २/५ तर अर्ध्याहून लहान आहे! पाचातले अडीच म्हणजे अर्धं, आणि इथे दोनच. मिळवलं आणि कमी झालं. नऊ मुलांना हे खटकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलासुद्धा शुक्रवारी वर्गात सुचलं नाही.

तर तुमच्या ५८ जणांना रीत लावायच्या आधी एवढंच विचाराल? "१/२ + १/३ चं उत्तर अर्ध्याहून जास्त येईल की कमी?" साधन नको, पाटी नको. हात वर करायचे. दोन मिनिटं.


निशिकासाईकर | बुधवार, रात्री ८:१५

मी शिक्षिका नाही, पालक आहे. तोक्योच्या एदोगावा भागात राहते, लेक इथल्या जपानी प्राथमिक शाळेत चौथीला आहे. इथे पालकांना वर्षातून काही वेळा वर्गात मागे उभं राहून तास बघता येतो. त्यातलं पाहिलेलं सांगते.

तास ४५ मिनिटांचा. गणिताच्या तासाला बहुतेक एकच उदाहरण. एकच! सुरुवातीला मला वाटलं, किती संथ चाललंय. शिक्षकांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात प्रश्न लिहिला, मुलांनी आपापल्या वहीत काही मिनिटं झटापट केली. मग शिक्षकांनी तीन-चार मुलांच्या पद्धती फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या, त्यात एक चुकीचीही. मुलांच्या नावाचे चुंबक होते, ज्याला जी पद्धत पटली तिच्याखाली त्याने आपलं नाव लावलं. चर्चा झाली, काही नावं जागा बदलून गेली. तास संपेपर्यंत फळा पुसला नाही. शेवटी डावीकडून उजवीकडे वाचलं की अख्खा तास तिथे दिसत होता. फळ्याच्या अशा मांडणीला इथे 'बान्शो' म्हणतात आणि कुठे काय येणार ते शिक्षक आधीच आखून आणतात.

नंतर शिक्षकांशी बोलताना कळलं की त्यांच्या पाठ-आराखड्यातही मुलांच्या अपेक्षित उत्तरांसाठी जागा असते. धूळसरांचा रकाना! शिवाय शाळेतले शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात, पण शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. नंतर सगळे बसून त्या पाठावर बोलतात.

अजून एक. जपानीत १/३ वाचतात 'सान्बुन् नो इचि', म्हणजे 'तीन भागांतला एक'. छेद आधी, अंश नंतर. लेकीला घरी मराठीत 'एक छेद तीन' म्हणायला शिकवलं तर ती म्हणाली, "आई, पण एकाला काय छेदलं?" मला उत्तर देता आलं नाही.


सातपुड्यातला मास्तर | बुधवार, रात्री ९:०५

ताईंचा शेवटचा मुद्दा आमच्याकडे रोजचा आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात अक्राणीच्या बाजूला शिकवतो. मुलं घरी पावरी बोलतात. 'अंश' आणि 'छेद' हे शब्द त्यांना जितके परके, तितकाच 'तृतीयांश'. पहिली दोन वर्षं मी हे शब्द पाठ करून घेतले. मुलं म्हणायची छान. पुढे काही नाही.

मग एकदा विचारलं, की घरी एक भाकरी दोघांत वाटली तर आई काय म्हणते? तिघांत वाटली तर? त्यांचे शब्द आले. मी ते फळ्यावर लिहिले आणि आठवडाभर तेच वापरले, अंश-छेद बाजूला ठेवून. एका मुलीने सांगितलं की घरी धाकट्याला मोठा तुकडा देतात, तोही वाटाच. मग 'सारखा वाटा' आणि 'नुसता वाटा' यावर अर्धा तास गेला. तो अर्धा तास कुठल्याही टाचणात नव्हता, पण अपूर्णांकाचा पाया तोच आहे. वाटे सारखे नसतील तर १/३ ला काही अर्थ नाही.

म्हणून माझं नियोजन असं: आधी शब्द कुठून येणार ते लिहितो. मग प्रश्न.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. मी ते अगदी छोट्या अर्थाने घेतो. मूल ज्या शब्दापाशी बसलंय तिथे आपण जायचं.


एकर गुंठा | गुरुवार, सकाळी ७:२०

माणच्या बाईंना एक सुचवतो. मीही प्राथमिक शिक्षक, घरची शेती आहे. तुमच्या मुलांना भाकरीपेक्षा जमीन जास्त कळेल. ४० गुंठ्यांचा एकर. अर्धा एकर २० गुंठे, पाव एकर १०, पाऊण एकर ३०. हे पोरांना न शिकवता येतं, कारण घरात वाटण्यांची बोलणी कानावर पडलेली असतात. एका भावाला अर्धा एकर, दुसऱ्याला एकराचा तिसरा हिस्सा, मिळून किती गुंठे? झाला तुमचा तास.


चौकटीची वही | गुरुवार, दुपारी १:१०

सर, कल्पना आवडली, पण आकडे बघा. ४० ला ३ ने भाग जात नाही. तिसरा हिस्सा १३ गुंठे आणि वर एक तुकडा. पहिल्याच उदाहरणात मुलं त्या तुकड्यात अडकतील. एकर वापरायचा तर १/४ आणि १/५ घ्या. १० गुंठे आणि ८ गुंठे, मिळून १८. ४० पैकी १८, म्हणजे ९/२०. इथेही वरचे वर, खालचे खाली केलं तर २/९ येईल, आणि २/९ एकर म्हणजे नऊ गुंठेसुद्धा नाहीत, पहिल्या भावाच्या एकट्याच्या वाट्यापेक्षा कमी! पोरं लगेच पकडतील.

१/२ आणि १/३ च हवे असतील तर डझन घ्या. अर्धा डझन केळी ६, डझनाचा तिसरा हिस्सा ४, मिळून १०. बारातली दहा.

मी नवीन आहे, नोकरीचं तिसरं वर्ष. पण एवढं शिकले की उदाहरणातले आकडे निवडणं हेच अर्धं नियोजन. पुस्तकातलं पहिलं गणित पहिलं म्हणून घ्यायचं नाही. आधी स्वतः मुलांच्या चुकीने सोडवून बघायचं आणि त्या चुकीचं उत्तर डोळ्यांत खुपेल असं गणित आधी घ्यायचं.


एकर गुंठा | गुरुवार, रात्री ८:००

बरोबर आहे ताई, तिसऱ्या हिश्श्याकडे माझं लक्ष गेलं नाही. १/४ आणि १/५ वहीत लिहून ठेवलं.


खडूची धूळ | गुरुवार, रात्री ९:३०

गुंठ्यांवरून आठवलं. आमच्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हटलेले. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे १६ आणे होते, पावली म्हणजे चार आणे, अधेली म्हणजे आठ. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. ते परत आणा असं मी म्हणत नाही, त्यात घोकंपट्टी भरपूर होती. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द घराघरात अजून जिवंत आहेत. पावणेदोन या एका शब्दात 'दोनाला पाव कमी' ही वजाबाकी बसलेली आहे. पाचवीच्या मुलाला हे ठाऊक असतं, फक्त ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक, हे मात्र मी स्वतः उशिरा शिकलो. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद! फळ्यापाशी उभं राहिल्यावर ते किती लांब वाटतात, करून बघा. मी छात्राध्यापकांना टाचणात प्रश्नापुढे 'थांबा' असा शब्दच लिहायला लावायचो.


साठ बाकं | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

बाई, आज विचारलं.

सहावीला विचारलं, ज्यांना मी मागच्या वर्षी तिरकस गुणाकार पक्का शिकवला होता त्यांनाच. "१/२ + १/३, अर्ध्याहून जास्त की कमी? हिशेब करायचा नाही." थांबलो. साधारण निम्मे हात 'कमी'ला वर गेले. म्हणजे ज्यांना रीत येते, ५/६ काढता येतं, त्यांनाही ५/६ ही केवढी गोष्ट आहे ते माहीत नाही. मला हे अपेक्षित नव्हतं. वर्षभराची बेरीज होती ती.

पण सांगायचं वेगळंच आहे. 'कमी' म्हणणाऱ्यांतल्या एकाला विचारलं, का रे? तो म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी दोन मॅच झाल्या, आम्ही एक जिंकलो. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या, एक जिंकलो. एकूण पाचातल्या दोनच जिंकलो ना?"

मी गप्प झालो. पोरगं चुकलेलं नाहीये! त्याच्या गोष्टीत २/५ हेच बरोबर उत्तर आहे. फक्त ती बेरीज वेगळी आहे. दोन मॅचचा दिवस हे एक पूर्ण, तीन मॅचचा दिवस हे दुसरं पूर्ण, आणि तो दोन्ही पूर्ण एकत्र करतोय. आपण विचारतो तेव्हा पूर्ण एकच असतं, एकच भाकरी. हे आपण कधी बोलूनच दाखवत नाही. पुस्तकात '१/२ + १/३' एवढंच छापलेलं असतं, कशाचं अर्धं नि कशाचा तिसरा हिस्सा ते नाही.

आता वाटतं, २/५ लिहिणारी मुलं नुसतं वरचे वर करत नसावीत. काही जणांच्या डोक्यात अशीच गोष्ट असेल. त्यातली किती तशी, कितींनी नुसते आकडे मिळवले, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि विचारायला ५८ पाट्या लागत नाहीत, एक मुलगा पुरला.

माझं आधीचं म्हणणं अर्धं मागे घेतो. वेळ नाही हे खरंच आहे. पण दोन मिनिटं होती.


सातपुड्यातला मास्तर | शुक्रवार, रात्री ८:२०

साठ बाकं सर, हे वाचून अंगावर काटा आला. उद्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हीच गोष्ट सांगतो, तुमच्या परवानगीने.


साठ बाकं | शुक्रवार, रात्री ८:३२

अवश्य.


पाचवीच्या बाई | बुधवार, रात्री १०:१०

आज तास घेतला. सविस्तर लिहिते, कारण तो तुमच्या सगळ्यांचा आहे.

टाचणात यावेळी साधनापुढे एवढंच: प्रत्येकाला चौकटीच्या वहीतली १२ चौकोनांची एक पट्टी. रंगीत काही नाही. चौथीला आधी पंधरा मिनिटांचं काम दिलं होतं, मापाच्या भांड्यांनी पाणी मोजायचं, लिटर, अर्धा, पाव. ओसरीवर.

पहिला प्रश्न फळ्याच्या डावीकडे लिहिला: "आजीने एका भाकरीतली अर्धी खाल्ली. मग त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा अजून खाल्ला. एकूण अर्ध्याहून जास्त की कमी?" 'त्याच भाकरीचा' हे शब्द साठ बाकं सरांमुळे आले. त्याखाली दोन रेषा ओढल्या.

थांबले. मनात तीन मोजले, मग आणखी तीन. सगळे 'जास्त'. एकजात. मग विचारलं, "पूर्ण भाकरी संपली का?" इथे वर्ग फुटला. सहा जण संपली म्हणाले, आठ जण नाही. नावाचे चुंबक नाहीत, म्हणून खडूने नावं लिहिली दोन्ही बाजूंना.

मग मी त्या फसलेल्या तासातलं उत्तर फळ्यावर मांडलं, कुणाचंही नाव न घेता: "कुणीतरी म्हणतं २/५. पटतं का?" माझ्या रकान्यात या प्रश्नापुढे तीन अपेक्षित उत्तरं होती. त्यातलं एकही आलं नाही. शेळ्या मोजणारा मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, पाच कुठनं आलं? भाकरीचं पाच तुकडं केलंच न्हाईत कुणी."

एवढा नेमका प्रश्न मला रात्री अकरा वाजता सुचला नव्हता. मी तोच फळ्याच्या मधोमध लिहिला, त्याच्याच शब्दांत. मग पुढे काय विचारू, मला कळेना. म्हटलं, "मग किती तुकडे करायचे, म्हणजे अर्धंही नीट पडेल आणि तिसरा हिस्साही?" पट्ट्या हातात होत्या. कुणी चार म्हणालं, कुणी सहा. चारावर तिसरा हिस्सा पडेना. सहावर पडला, तीन आणि दोन. बाराच्या पट्टीवर सहा आणि चार. एका मुलीने विचारलं, "पाच सहातले आणि दहा बारातले एकच का?" सममूल्य अपूर्णांक मी पुढच्या आठवड्यात उजळणीला घेणार होते, तो आपणहून आला. पट्ट्या एकाखाली एक धरून त्यांनीच ठरवलं की एकच.

पूर्ण भाकरी संपली म्हणणाऱ्या सहांपैकी पाच जणांनी आपली नावं स्वतः पुसून दुसरीकडे लिहिली. एकाने नाही लिहिलं. तो म्हणाला, राहिलेला तुकडा इतका बारीक आहे की आजी तो कोंबड्यांना टाकेल, म्हणजे संपलीच. मी त्याचं नाव तसंच ठेवलं. राहिलेला तुकडा केवढा, हे त्याला उद्या विचारायचंय.

शेवटी पाटीवर १/४ + १/५, चौकटीच्या वहीताईंचं. ११ जणांचं बरोबर. दोघांनी ९/२० च्या जागी ९/४० लिहिलं. तुकडे विसाचे करून नंतर एकराचे ४० आठवले असावेत, किंवा दुसरंच काही. उद्या त्यांच्याशी बोलते. एकाची पाटी पुन्हा कोरी. तो मेंढपाळांच्या घरचा आहे, दिवाळीनंतर घरच्यांबरोबर बाहेर असतो. त्याला बेरजेच्या आधीचंच काहीतरी हवं असणार. त्याच्यासाठी काय आखायचं याचं उत्तर अजून माझ्याजवळ नाही. कुणी अशा मुलांबरोबर काम केलं असेल तर लिहा.

तास रंगला का? गाणं नव्हतं, रंग नव्हते. पण घंटा झाल्यावरही पाच-सहा जण फळ्यापाशी उभे राहून भांडत होते, आणि ओसरीवरून चौथीची दोन मुलं खिडकीत येऊन "आठ तुकडे करून बघा की" म्हणत होती.

सोमवारी वजाबाकी आहे. १/२ − १/३. रकाना भरायला घेतलाय:

पहिलं उत्तर: ०/१. वरचे वर, खालचे खाली. पुढचा प्रश्न: म्हणजे अर्ध्या भाकरीतून तिसरा हिस्सा उचलला की ताटात काहीच उरत नाही?
दुसरं उत्तर: "जमत नाही, ३ मोठा आहे, २ मधून कसा जाणार?" पुढचा प्रश्न: अर्धी भाकरी मोठी की तिसरा हिस्सा?
तिसरं उत्तर:

तिसरं सुचत नाहीये. तुमच्या वर्गात विचारून बघाल का?


चौकटीची वही | गुरुवार, दुपारी १:२५

विचारलं. एक मुलगी म्हणाली १/१. मी का विचारलं तर म्हणाली, "तीनातून दोन गेले एक, आणि वरचा एक तसाच." म्हणजे उत्तर अख्खी भाकरी. अर्धीतून काढून अख्खी! पुढचा प्रश्न मी तिला विचारायच्या आतच ती स्वतःच हसायला लागली आणि पट्टी मागितली.


साठ बाकं | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

माझ्याकडे ०/१ वीस-बावीस जणांचं. आणि एकाने 'अर्ध्यातला तिसरा हिस्सा' काढायचा असं समजून १/३ उरतं असं सांगितलं. अर्ध्या भाकरीचे तीन वाटे केले, एक दिला, दोन उरले, ते दोन म्हणजे अख्ख्या भाकरीचा तिसरा हिस्सा. चित्र काढून दाखवलं त्याने. बरोबर आहे, फक्त प्रश्न दुसरा आहे. पुन्हा तेच, 'कशाचा?' बाई, 'त्याच भाकरीचा' वजाबाकीतही लिहा.